फिरणाऱ्या चुंबकाचा ठावठिकाणा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी नववीच्या वर्गात एकदा स्वतःची सायकल उचलून टेबलावर उलटी ठेवली होती. मागचे चाक हाताने गरगर फिरवून त्यांनी डायनामो टायरला टेकवला. पुढचा दिवा लखलखला. चाक मंदावले तसा दिवा पिवळा पडत गेला आणि चाक थांबताच विझला. सरांनी विचारले, "आत चुंबक फिरतो आहे आणि वेटोळे स्थिर आहे. डायनामो न उघडता, केवळ या दोन तारा हाती घेऊन, तो चुंबक या क्षणी कोणत्या बाजूला तोंड करून आहे हे सांगता येईल काय?" आम्ही एकमुखाने नाही म्हणालो. सर म्हणाले, "फिरत असेल तर सांगता येईल. थांबला असेल तर मात्र मलाही ठाऊक नाही." त्या उत्तरातला पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांच्यामधली दरी बुजवण्याचा इतिहास हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान १८८८ साली निघाले, म्हणून या गावात सायकलीपासून सुरुवात करणे तसेही वावगे ठरू नये.

प्रथम प्रश्न नीट मांडतो. विजेच्या मोटरीत एक चुंबक दुसऱ्याला खेचतो, यापलीकडे मूलतः काही नाही. परंतु खेचले गेलेले चुंबक जवळ येताच ओढ संपते. म्हणून ते पोहोचण्यापूर्वी ओढणाऱ्याने जागा बदलली पाहिजे. गाढवापुढे काठीला बांधलेले गाजर जसे सतत चार बोटे पुढे राहते, तसे स्थिर वेटोळ्यांतले चुंबकीय क्षेत्र फिरत्या भागाच्या पुढे राहावे लागते. सर्वांत उत्तम ओढ काटकोनात मिळते. यासाठी फिरता भाग या क्षणी कोठे आहे हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे. त्या ज्ञानाची चूक झाली तर मोटर अडखळते, उलटी फिरते, किंवा नुसतीच वीज खात उभी राहते.

जुन्या मोटरीत हे ज्ञान कम्युटेटर आणि ब्रश यांच्याकडे होते. १८७३ सालच्या व्हिएन्ना प्रदर्शनात ग्राम यांचा डायनामो मोटर म्हणून चालवून दाखविला गेला, त्यातही तीच योजना होती: तांब्याच्या पट्ट्यांचा दंडगोल आसाबरोबर फिरतो, त्यावर घासणारे ब्रश योग्य क्षणी प्रवाहाची दिशा बदलतात. कम्युटेटर हा केवळ स्विच आहे असे आपण समजतो. माझ्या मते तो त्याहून मोठा आहे. तो ठावठिकाणा जाणणारा संवेदक आणि स्विच या दोन्ही गोष्टी एकाच तांब्याच्या तुकड्यात सामावून बसलेला आहे. म्हणूनच शंभर वर्षे कोणाला ठावठिकाण्याचा प्रश्न वेगळा असा दिसलाच नाही.

तो दिसला ब्रश काढून टाकल्यावर. ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, काजळी धरते. पिठाच्या गिरणीत किंवा विमानात हे परवडत नाही. १९६२ साली अमेरिकेत विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी घन-अवस्था स्विचांच्या साहाय्याने चालणाऱ्या एकदिश मोटरीवर निबंध प्रसिद्ध केला. चुंबक आत फिरणार, वेटोळी बाहेर स्थिर राहणार, आणि प्रवाह बदलण्याचे काम घासणाऱ्या तांब्याऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच करणार. स्विच आले, पण कम्युटेटरने जे ज्ञान फुकट पुरवले होते ते नाहीसे झाले. ते परत मिळवण्यासाठी मोटरीत हॉल संवेदक बसवू लागले. एडविन हॉल यांनी १८७९ साली काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खात जो परिणाम पाहिला, तो अर्धसंवाहकांच्या युगात असा उपयोगी पडला. तीन संवेदक बसवले की एका विद्युत फेऱ्याचे सहा भाग ओळखता येतात, प्रत्येक ६० अंशांचा. साध्या मोटरीला एवढे पुरते. अधिक सूक्ष्मता हवी असेल तर आसावर एन्कोडर किंवा रिझॉल्व्हर लावतात, आणि त्याची किंमत पुष्कळदा लहान मोटरीच्या किमतीला जाऊन भिडते.

याच सुमारास दुसरीकडे गणिताने आपली तयारी करून ठेवली होती. १९२९ साली आर. एच. पार्क यांनी समकालिक यंत्राची समीकरणे फिरत्या भागावर बसून पाहिल्यासारखी लिहिली. जत्रेतील पाळण्यात बसलेल्याला समोरचा सोबती स्थिर दिसावा, तसे बाहेरून नागमोडी दिसणारे प्रवाह त्या दृष्टीने सरळ, स्थिर राशी होतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डार्मश्टाट येथे कार्ल हासे यांनी आणि १९७१च्या सुमारास सीमेन्समधील फेलिक्स ब्लाश्के यांनी या दृष्टीचा वापर मोटर चालवण्यासाठी केला. क्षेत्राभिमुख नियंत्रण म्हणतात ते हेच. परंतु पाळण्यात बसायचे तर पाळणा कोठे आहे हे आधी कळायला हवे. पार्कच्या प्रत्येक समीकरणात तो एक कोन बसलेला आहे, आणि सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

आता सरांच्या उत्तराच्या पूर्वार्धाकडे वळतो. फिरणारी मोटर ही त्याच वेळी डायनामोही असते. हे नवे ज्ञान नव्हे. लेंझ यांनी आपला नियम १८३३ साली सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला, आणि त्याच शहरात याकोबी यांनी, ज्यांची विजेवर चालणारी नाव १८३८ साली नेवा नदीत बारा-चौदा माणसे घेऊन गेली, हे ओळखले की यंत्र वेगाने फिरू लागले की बॅटरीकडून येणारा प्रवाह घटतो. मोटर स्वतःच बॅटरीविरुद्ध विद्युतदाब निर्माण करते. या विरोधी दाबाचा आकार वेगाच्या प्रमाणात असतो आणि त्याच्या लाटेची प्रत्येक चढउतार चुंबकाच्या ध्रुवांच्या जागेशी बांधलेली असते. म्हणजे मोटर आपला ठावठिकाणा आपल्याच तारांतून अखंड सांगत असते. ऐकणारा कोणी नव्हता, इतकेच.

तत्त्व १८३०च्या दशकात ठाऊक, आणि उपयोग दीडशे वर्षांनी. हा विलंब का झाला? पाठ्यपुस्तकांतून सर्रास उत्तर मिळते: मायक्रोप्रोसेसर आला म्हणून. ते खोटे नाही, पण अपुरे आहे असे माझे मत आहे. मायक्रोप्रोसेसर १९७१ पासून बाजारात होता. चुंबकही सुधारत होते: १९३१चे मिशिमा यांचे ॲल्निको जातीचे पोलाद, १९५०च्या दशकातील फेराइट, १९६०च्या दशकातील स्ट्रनॅट यांचे समेरियम-कोबाल्ट, आणि १९८३ साली जाहीर झालेले मासातो सागावा यांचे निओडिमियम-लोह-बोरॉन. साधने जमत होती. पण संवेदक काढून टाका असे कोणी निकडीने म्हणत नव्हते. ज्याला तीन स्वस्त हॉल संवेदक बसवता येतात त्याने ही उठाठेव का करावी? निकड आली ती एका अगदी घरगुती वस्तूतून, खोली थंड करणाऱ्या यंत्रातून.

१९७३ आणि १९७९ या दोन तेलसंकटांनी जपानसारख्या, इंधनासाठी सर्वस्वी आयातीवर विसंबलेल्या देशाला वीज जपून वापरायला शिकवले. जुना वातानुकूलक एकतर पूर्ण वेगाने चाले नाहीतर बंद पडे. १९८१ साली तोशिबाने वेग कमी-जास्त करता येणारा घरगुती वातानुकूलक बाजारात आणला. त्यात प्रेरण मोटर होती. कायमचुंबक मोटर घातली तर आणखी वीज वाचेल हे उघड होते, कारण फिरत्या भागात चुंबकत्व निर्माण करण्यासाठी प्रवाह खर्च करावा लागत नाही. अडचण जागेची होती. कॉम्प्रेसर हे लोखंडी भांडे असते, झाळून बंद केलेले. आत मोटर, तेल आणि उष्ण, दाबाखालचा शीतक वायू. अशा ठिकाणी हॉल संवेदक टिकेना. शिवाय तारांचा हिशेब पाहा. मोटरीच्या तीन तारा. संवेदकांना वीजपुरवठ्याच्या दोन आणि संदेशाच्या तीन अशा आणखी पाच. भांड्याच्या भिंतीतून बाहेर येणारी प्रत्येक तार ही वायू गळण्याची एक नवी जागा. थोडक्यात, येथे संवेदक महाग होता म्हणून नव्हे, तर तो बसवणेच शक्य नव्हते म्हणून काढावा लागला.

हिताची कंपनीतील के. इझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८५ सालचा निबंध या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. त्यातील युक्ती इतकी साधी आहे की ती येथे सविस्तर सांगण्याचा मोह मला आवरत नाही. तीन वेटोळ्यांपैकी कोणत्याही क्षणी दोहोंतूनच प्रवाह जातो. तिसरे रिकामे बसलेले असते. त्या रिकाम्या वेटोळ्याच्या टोकावर विरोधी दाब उघडा दिसतो. तो ज्या क्षणी शून्य ओलांडतो, त्यानंतर बरोबर ३० अंशांनी पुढचा स्विच लावायचा असतो. हे ३० अंश मोजायचे कसे? वेग बदलला की ३० अंशांचा वेळही बदलतो. त्यातच स्विचांच्या उघडझापीने दाबाची लाट इतकी खडबडीत होते की शून्य ओलांडण्याचे क्षण दहा ठिकाणी दिसतात. त्यांनी ती लाट गुळगुळीत करणाऱ्या गाळणीतून नेली. अशी गाळणी लाटेला उशीर लावते, आणि गाळणी पुरेशी जड असेल तर हा उशीर कोणत्याही वेगाला जवळजवळ ९० अंशच राहतो. हवे होते ३०, मिळाले ९०. परंतु स्विच दर ६० अंशांनी बदलायचा असल्यामुळे ९० अंश म्हणजे नेमकी पुढच्या पाळीची खूण! ज्या उशिराला अभियंते दोष मानतात त्याचेच घड्याळ केले. मायक्रोकॉम्प्युटरने उरलेली पाळ्यांची नोंद ठेवली.

आरंभाचे काय? मोटर उभी असताना विरोधी दाब शून्य, सायकल थांबली की दिवा विझतो तसा. येथे त्यांनी सरळ आंधळी सुरुवात स्वीकारली. प्रथम एका ठरावीक दिशेने प्रवाह सोडून चुंबकाला जबरीने ओढून जागेवर आणायचे, मग हळूहळू वाढत्या गतीने क्षेत्र फिरवायचे आणि तो मागून येत असेल असे गृहीत धरायचे. पुरेसा वेग आला की कान उघडायचे. कॉम्प्रेसरला हे चालून जाते, कारण तो वारंवार चालू-बंद होत नाही आणि बंद झाल्यावर आतील दाब समान होईपर्यंत थांबण्याची मुभा असते. त्याला एका जागी जोर धरून उभे राहायचे नसते. इतिहासकार शोधाचे श्रेय शोधकाला देतात ते योग्यच; तरी अशा सोशिक यजमानाचाही त्यात वाटा असतो. हाच प्रश्न प्रथम लिफ्टच्या मोटरीपुढे आला असता, तर १९८५ साली कोणाला यश मिळाले नसते.

या पद्धतीची मर्यादा मला पुस्तकातून कळली नाही. १९९८ साली एका कारखान्यात आम्ही पंपाची कायमचुंबक मोटर संवेदकाशिवाय चालवण्याचा प्रयत्न करीत होतो. वेगळी, अधिक सुबक रीत वापरली होती: मोटरीला दिलेल्या दाबातून तांब्याच्या रोधात खर्च होणारा दाब वजा करायचा आणि उरलेल्याची सतत बेरीज करीत चुंबकीय प्रवाहाचा कोन काढायचा. कागदावर यात काहीच खोट नाही. सकाळी चाचणी निर्दोष झाली. दुपारी पाहुणे आले, मोटर बंद करून पुन्हा सुरू केली, आणि ती थरथरत जागच्या जागी राहिली. मग एकदम उलट दिशेने उसळून कपलिंगचा रबरी तुकडा फाटला. दोष माझा होता. रोध मी सकाळी थंड मोटरीवर मोजला होता. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. वेटोळी ७० अंशांनी तापली म्हणजे रोध एक चतुर्थांशाहून अधिक वाढलेला. वेग जास्त असताना ही चूक विरोधी दाबाच्या तुलनेत क्षुल्लक असते. मंद वेगाला विरोधी दाबच क्षुल्लक असतो आणि चूकच सत्य म्हणून मिरवते. त्या संध्याकाळी मला सरांच्या टेबलावरचा पिवळा पडत गेलेला दिवा आठवला.

ही चूक कमी करण्याचे शास्त्र मात्र विद्युत यंत्रांच्या बाहेर घडले होते. १९६० साली रुडॉल्फ काल्मन यांनी गोंगाटातून खरी स्थिती अंदाजण्याची रीत दिली, जी पुढे अपोलो यानांच्या मार्गदर्शनात वापरली गेली. १९६४ साली डेव्हिड लुएनबर्गर यांनी 'निरीक्षक' ही कल्पना मांडली. जे दिसत नाही त्याची एक प्रतिकृती संगणकात चालवायची, जे दिसते त्याच्याशी तिचे उत्तर ताडून पाहायचे आणि फरकाच्या प्रमाणात तिला दुरुस्त करीत राहायचे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अंकीय संकेत प्रक्रियक स्वस्त होऊ लागले आणि या दोन्ही कल्पना मोटरीत शिरल्या. निबंधांचा पूर आला. त्या पुरातील पुष्कळसे पाणी एकाच विहिरीचे होते हे सांगायला हरकत नाही. २००३ साली जपानमधील चेन, टोमिटा, डोकी आणि ओकुमा यांनी आत पुरलेल्या चुंबकांच्या मोटरीसाठी विरोधी दाबाची व्याख्याच विस्तारली, ते मात्र खरोखर नवे पाऊल होते. तरीही मूळ अडचण हलली नाही: निरीक्षक कितीही चतुर असला तरी, मोटर बोलतच नसेल तर तो काय ऐकणार?

येथून सरांच्या उत्तराचा उत्तरार्ध सुरू होतो. थांबलेल्या चुंबकाचा ठाव त्याच्या बोलण्यातून लागणार नाही. मग त्याला टिचकी मारून पाहावी. गवंडी भिंतीवर टकटक करून आत पोकळी कोठे आहे हे ओळखतो. मडके घेणारी बाई बोटाने वाजवून तडा ओळखते. ज्या मोटरीत चुंबक पोलादाच्या आत पुरलेले असतात, तेथे चुंबकाच्या दिशेने गेले तर वाटेत चुंबकाचा पदार्थ आडवा येतो, जो चुंबकीय प्रवाहाला जवळजवळ हवेसारखाच अडथळा करतो. आडव्या दिशेने गेले तर अखंड पोलाद लागते. म्हणून वेटोळ्याची प्रवर्तकता एका दिशेला कमी आणि काटकोनातील दिशेला जास्त भरते. लहानसा, जलद दाब देऊन प्रवाह किती चटकन वाढतो हे निरनिराळ्या दिशांना पाहिले की, चुंबक कोठे आहे ते मोटर न हलवता कळते. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातील मानफ्रेड श्रोडल यांनी 'इन्फॉर्म' या नावाने ही टिचकीची रीत विकसित केली आणि १९९६ सालच्या निबंधात स्थिर अवस्थेतील नियंत्रण मांडले. विस्कॉन्सिन विद्यापीठात जॅन्सेन आणि लॉरेन्झ यांनी १९९५ साली टिचकीऐवजी अखंड उच्च वारंवारतेचा दाब चढवून, येणाऱ्या प्रवाहाच्या पडसादातून कोन काढून दाखविला. कॉर्ली आणि लॉरेन्झ यांनी १९९८ साली तो मार्ग कायमचुंबक मोटरीसाठी पुढे नेला.

यातही एक सुंदर पेच आहे. प्रवर्तकता चुंबकाची रेषा सांगते, तोंड सांगत नाही. उत्तर ध्रुव इकडे की तिकडे, दोन्ही वेळा पडसाद सारखाच. १८० अंशांची चूक म्हणजे मोटर उलटी जाणार. त्यासाठी लोखंडाच्या संपृक्ततेचा आधार घेतात. चुंबकाच्याच दिशेने जोराचा क्षणिक प्रवाह दिला तर आधीच भरलेले लोखंड आणखी भरते, प्रवर्तकता घटते आणि प्रवाह किंचित उंच चढतो. विरुद्ध दिशेने दिला तर कमी चढतो. दोन शिखरांतील त्या थोड्याशा फरकावरून उत्तर-दक्षिण ठरते. सरांना हे दाखवता आले असते तर, असे मला अनेकदा वाटले आहे.

तरी सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. या टिचक्यांचा आवाज येतो. शांत खोलीत तो कानाला बोचतो. ज्या मोटरीत चुंबक पृष्ठभागावर चिकटवलेले असतात तेथे दोन दिशांतील फरक फार क्षीण असतो, आणि तो शून्य असेल तर थांबलेल्या मोटरीचा कोन तारांवरून कळणे गणितानेच अशक्य ठरते. विजेवर धावणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांत आजही रिझॉल्व्हर बसवलेला असतो. चढावर थांबलेल्या गाडीत अंदाजावर विसंबणे कोणाला नको आहे. याउलट संगणकाच्या फिरत्या तबक्या, ड्रोनचे पंखे, कॉम्प्रेसर या ठिकाणी संवेदक जवळजवळ दिसेनासा झाला.

आणि आपल्या छतावर. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. कायमचुंबक मोटरीचा पंखा ३० वॅटच्या आसपास भागवतो. भारतात हे पंखे घराघरांत पोहोचवण्यात मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनी २०१२ साली स्थापन केलेल्या ॲटमबर्ग कंपनीचा मोठा वाटा आहे, आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाल्यावर त्यांना आणखी वेग आला. उद्यमबागेत आणि गल्लीबोळांत वाइंडिंगची दुकाने चालवणारे या शाळेचे काही माजी विद्यार्थी समोर बसले आहेत. त्यांपैकी एकाने परवा मला असा बंद पडलेला पंखा दाखवला. वेटोळी शाबूत होती. बिघाड हिरव्या तबकडीवर होता. "साहेब, तार जळली तर मी भरून देईन, पण हे काय जळले ते मला दिसतच नाही," असे तो म्हणाला. चाळीस वर्षांच्या हातांपुढे उभा राहिलेला हा प्रश्न माझ्या इतिहासात कोठे बसवावा हे मला अजून उमगलेले नाही. आम्ही दोघांनी मिळून तो पंखा उघडला. एक स्विच गेला होता. हुबळीहून मागवून बसवला.

पंखा सुरू करताना मी त्याला पात्यांकडे पाहायला सांगितले. ती आधी बोटभर उलटी सरकली, क्षणभर थबकली आणि मग सुलट फिरू लागली. "बिघडला काय पुन्हा?" त्याने विचारले. मी म्हणालो, "नाही, चुंबकाला आधी ओढून जागेवर आणतो आहे."